रेफ कॉन्फरन्सचेच, कमाईही कॉन्फरन्सचीच: कॉलेज फुटबॉल आणि पक्षपाताचा संशय

निळापिवळा:

सप्टेंबर उजाडला की आमच्या ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या, जुन्या मित्रांच्या ग्रुपवर शनिवार संध्याकाळचं ठरलेलं रडगाणं सुरू होतं: रेफनी, म्हणजे मैदानावरच्या पंचांनी, मॅच खाल्ली. हरलो तर रेफमुळे हरलो, जिंकलो तर रेफ आडवे येऊनही जिंकलो. मीही त्यात सूर मिसळतो, साळसूदपणाचा आव आणत नाही. पण यंदा डोक्यात एक वेगळा प्रश्न घोळतोय, म्हणून धागा काढला.

(ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हा हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. एवढ्या भांडवलावर धागा वाचता येईल.)

तर प्रश्न. व्यावसायिक एनएफएलमध्ये संघही लीगचे आणि रेफही लीगचे. कॉलेजात नियमपुस्तक एनसीएएचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशपातळीवरच्या संस्थेचं, सगळीकडे एकच. पण रेफ कोण, कुठल्या मॅचला कोणाला पाठवायचं, कोणाला बढती आणि कोणाला नारळ, हे ठरवते कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा एकेक गट. बिग टेनचे रेफ वेगळे, एसईसीचे वेगळे, एसीसीचे वेगळे. मैदानात आठ जण असतात. त्यांचं पोट बहुधा दुसऱ्याच नोकरीवर चालतं. शनिवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवायचा, मॅचमागे मानधन घ्यायचं, सोमवारी परत ऑफिस.

आता त्याच कॉन्फरन्सची तिजोरी बघा. २०२४ला प्लेऑफ (राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी) चारवरून बारा संघांचं झालं तेव्हाचा हिशेब असा: संघ प्लेऑफमध्ये गेला की त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर. उपांत्यपूर्व फेरी गाठली की आणखी ४०, उपांत्य फेरीचे ६०, अंतिम सामन्याचे ६०. नोव्हेंबरात कॉन्फरन्समधला अपराजित संघ आणि तळातला संघ समोरासमोर आले, तर कोण जिंकलेलं कॉन्फरन्सला परवडेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि त्या मॅचचा रेफ नेमलेला कोणी? त्याच कॉन्फरन्सने.

कोणीतरी फोन करून 'याला जिंकव' सांगतं असं माझं म्हणणं नाही. पण व्यवस्थाच अशी असेल तर लोकांना संशय येणारच ना? आपापल्या संघाचे किस्से येऊ द्या. २०१६चा स्पॉट मी मुद्दाम काढत नाहीये.

कोलंबसकर:

'मुद्दाम काढत नाहीये' म्हणत काढलाच की! नऊ-नऊ वर्षं हेच उगाळता राव.

बाकीच्यांसाठी: २६ नोव्हेंबर २०१६, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, दुसरा ओव्हरटाइम, मिशिगन तीन गुणांनी पुढे, आमचा चौथा डाऊन आणि एक यार्ड हवं. क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा, पास टाकणारा खेळाडू) जे. टी. बॅरेट घुसला, आपल्याच माणसाच्या पाठीवर आपटला, आणि रेफनी बॉल जिथे ठेवला तिथे तो जेमतेम रेषेला पोचला. फर्स्ट डाऊन, म्हणजे नव्याने चार प्रयत्न. रिप्लेमध्ये निर्णय फिरवण्याइतका स्पष्ट पुरावा सापडला नाही. पुढच्याच प्लेला कर्टिस सॅम्युअल टचडाऊनला, म्हणजे बॉल घेऊन गोललाइनपलीकडे, पोचला, ३०-२७. मिशिगनचे कोच जिम हारबॉ पत्रकार परिषदेत रेफवर तडकले आणि बिग टेनने १० हजार डॉलरचा दंड ठोकला.

पण त्याच मॅचमध्ये तुमच्या क्वार्टरबॅकने आमच्या हातात बॉल दिला दोनदा, त्यातला एक थेट टचडाऊन झाला. शिवाय गोललाइनच्या तोंडाशी बॉल सोडला तो वेगळाच. ते कुठल्या रेफने करवलं? आणि २०२१ ते २०२४ सलग चार वेळा तुम्ही आम्हाला हरवलंत तेव्हा रेफ बिग टेनचेच होते ना? तेव्हा कुठे होता हा धागा?

निळापिवळा:

२०२१ आणि २०२२ला रेफना काही करायला वाव राहील एवढं अंतरच ठेवलं नाही आम्ही. 😄

पण दंडाचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. रेफ चुकला तर कॉन्फरन्स त्याच्याशी बंद दाराआड बोलणार. कोच जाहीर बोलला तर दंड, तोही पेपरात छापून. यातून प्रेक्षकाने काय समजायचं?

पुण्यातली_आई:

नमस्कार, मी या खेळात अगदी नवखी. मुलगी यंदा अलाबामाला मास्टर्ससाठी गेलीय आणि दर शनिवारी फोन उचलत नाही, तेव्हापासून माहिती काढतेय. एक बाळबोध शंका: दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ खेळले तर रेफ कोणाचे? पूर्वी क्रिकेटमध्ये यजमान देशाचेच अंपायर असायचे, तसं काही?

ठाणेकर:

ताई, क्रिकेटचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. तटस्थ अंपायर ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यात आपल्या मुंबईच्या माणसाचा हात आहे. १९८६ला पाकिस्तान-वेस्ट इंडीज लाहोर टेस्टला इम्रान खानच्या आग्रहावरून भारतातून दोन अंपायर गेले, पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. 'आम्ही घरच्या अंपायरमुळे जिंकतो' हे टोमणे इम्रानला नको होते. आयसीसीने २००२पासून टेस्टचे दोन्ही अंपायर तटस्थ केले. पुढे कोविडमध्ये प्रवास बंद झाल्यावर पुन्हा घरचे अंपायर आले हा भाग वेगळा.

म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला जात होता त्यानेच तटस्थ पंच मागितले. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कॉन्फरन्सने असं मागितल्याचं ऐकलंय कोणी?

सूनर_सूनबाई:

पुण्यातली_आई, तुमच्या शंकेचं उत्तर आम्हा ओक्लाहोमावाल्यांनी हाडं मोडून घेऊन मिळवलंय. सर्वसाधारण रिवाज असा की पाहुण्या संघाच्या कॉन्फरन्सने रेफ आणायचे. पण २००६ला पॅक-१० कॉन्फरन्सचा हट्ट होता की आमच्या मैदानावर आमचेच रेफ.

१६ सप्टेंबर २००६, ऑरेगनमधलं युजीन. आम्ही पुढे होतो, मिनिटभराचा खेळ राहिला होता. ऑरेगनने ऑनसाइड किक मारली, म्हणजे बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून आखूड किक. अशा किकला मारणाऱ्या संघाने बॉल दहा यार्ड जायच्या आत हात लावायचा नसतो. त्यांच्या खेळाडूने लावला, टीव्हीवर दिसतोय. आणि गोंधळातून बॉल घेऊन बाहेर आला तो आमचा माणूस, तेही दिसतंय. तरी रिप्ले बघून बॉल ऑरेगनला! ३४-३३ने हरलो. पॅक-१०ने चूक कबूल केली, मैदानावरच्या आणि रिप्लेच्या अधिकाऱ्यांना एका मॅचपुरतं बसवलं. आमच्या विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरन यांनी तर पत्र लिहून ती मॅच नोंदीतूनच पुसून टाका अशी मागणी केली. निकाल तसूभर हलला नाही. पॅक-१०चा हट्ट मात्र त्यानंतर सुटला.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट, तीही सांगायला हवी. त्या रिप्ले अधिकाऱ्याला आमच्या बाजूच्या लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. एका किकसाठी!

कोलंबसकर:

सूनबाई, मग शेजारच्या ओक्लाहोमा स्टेटचंही सांगा की. तिथे तर रेफ पाहुण्यांच्याच कॉन्फरन्सचे होते.

सूनर_सूनबाई:

सांगते की, त्यांचं दुःख सांगायला मला कधीच जड जात नाही. 😁

सप्टेंबर २०१६, सेंट्रल मिशिगन त्यांच्याकडे पाहुणे. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ने पुढे, शेवटचे काही सेकंद, चौथा डाऊन. क्वार्टरबॅकने वेळ संपावी म्हणून बॉल लांब फेकून दिला. घड्याळ शून्यावर. जवळपास कोणी झेलणारा नव्हता म्हणून फ्लॅग (रेफने फाउलची खूण म्हणून टाकलेलं फडकं) पडला, तो बरोबरच. पण नियम सांगतो की या प्रकारच्या फाउलवर वेळ संपल्यानंतर जादा डाऊन द्यायचा नाही, मॅच तिथेच खलास. रेफनी दिला! पाहुण्यांनी लांबच लांब पास टाकला, झेलणाऱ्याने पडता पडता बॉल सोबत्याकडे दिला आणि तो टचडाऊनला. ३०-२७.

रेफ मॅक कॉन्फरन्सचे, म्हणजे सेंट्रल मिशिगनच्या घरचे. झालं, लोकांना कट सापडला. पण रिप्लेच्या खोलीत बसलेले बिग १२चे होते, म्हणजे ओक्लाहोमा स्टेटच्या घरचे, आणि त्यांनाही नियम आठवला नाही. दोन्ही कॉन्फरन्सनी आपापली माणसं निलंबित केली. आता सांगा, यात पक्षपात कोणी कोणाच्या बाजूने केला?

अण्णा_मिसूरी:

तुम्ही सगळे कालची पोरं. मी १९९०ला कोलंबियात, म्हणजे मिसूरीतल्या कोलंबियात शिकत होतो. त्यामुळे रेफच्या चुकांच्या गप्पांत मला पहिल्या पंगतीत पान मांडलेलं असतं.

६ ऑक्टोबर १९९०. कोलोरॅडो आमच्याकडे. आम्ही ३१-२७ने पुढे, शेवटचं अर्धं मिनिट, ते आमच्या गोललाइनपाशी. पहिल्या डाऊनला त्यांनी घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटला. दुसऱ्याला एरिक बिएनेमी घुसला, अडवला. टाइमआउट. आणि इथे कडेला उभा असलेला डाऊनचा आकडा बदलायचा राहून गेला. पुन्हा बिएनेमी, पुन्हा अडवला. मग त्यांच्या क्वार्टरबॅकने परत बॉल जमिनीवर आपटला. तो खरा चौथा डाऊन होता. खेळ संपला होता! पण पाटीवर दिसत होता तिसरा. मग पाचव्यांदा खेळायला मिळालं, दोन सेकंद राखून टचडाऊन. तो टचडाऊनसुद्धा झाला का नाही यावर आमच्याकडे आजही दोन तट आहेत असं म्हणणार होतो, पण नाहीत, एकच तट आहे.

रेफ बराच वेळ घोळका करून उभे राहिले आणि ३३-३१ निकाल कायम. बिग एट कॉन्फरन्सने त्या आठवड्यात रेफना बेमुदत बसवलं, निकाल मात्र बदलता येत नाही म्हणाले. कोलोरॅडो त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला, जॉर्जिया टेकसोबत वाटून.

आता याची दुसरी बाजू. १९४०ला कॉर्नेल-डार्टमथ मॅचमध्ये हुबेहूब हाच प्रकार झाला होता. कॉर्नेल पाचव्या डाऊनवर ७-३ जिंकलं. नंतर फिल्म पाहिली, रेफने चूक मान्य केली, आणि कॉर्नेलने तार पाठवून विजय डार्टमथला देऊन टाकला. नोंदीत आज ३-० डार्टमथ आहे. कोलोरॅडोचे कोच बिल मॅकार्टनी यांना त्या वेळी हे विचारलं गेलं. त्यांनी आमच्या मैदानावर पाय घसरत होते अशी तक्रार केली आणि विजय ठेवून घेतला.

हे रेफ विकले गेले होते असं मी पस्तीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. त्यांना मोजता आलं नाही. चारपर्यंत.

बॅटनरूजकर:

अण्णा, तुमची जखम निखळ चुकीची, म्हणून भरली तरी. आमची एलएसयूवाल्यांची, म्हणजे लुइझियाना स्टेटवाल्यांची, गोष्ट निराळी.

२०१८. आमचा सर्वोत्तम बचावपटू डेव्हिन व्हाइट. मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने त्यांच्या क्वार्टरबॅकला ढकललं. रिप्लेवाल्यांनी 'टार्गेटिंग', म्हणजे डोक्या-मानेशी धोकादायक धडक, ठरवलं. तेव्हाचा नियम असा की उत्तरार्धात टार्गेटिंग केलं की पुढच्या मॅचच्या पूर्वार्धात बाहेर बसायचं. आणि पुढची मॅच कोणाशी? अलाबामा! एसईसीचं मुख्यालय कुठे? बर्मिंगहॅम, अलाबामा! रिप्लेचा केंद्रीय कक्ष कुठे? तिथेच! क्लिंटन यांचे एकेकाळचे निवडणूक सल्लागार जेम्स कारव्हिल हे पक्के एलएसयूवाले. त्यांनी पेपरात लेख लिहून एसईसी अलाबामाला झुकतं माप देते असा जाहीर आरोप केला. चाहत्यांनी थेट बर्मिंगहॅममध्ये होर्डिंग लावलं, आम्हाला फक्त न्याय्य मॅच हवी म्हणून. काही उपयोग झाला नाही.

३ नोव्हेंबरला अलाबामा २९-० जिंकलं. पूर्वार्ध त्याच्याविना. बोला.

कोलंबसकर:

२९-०? त्या दिवशी व्हाइट पहिल्या मिनिटापासून असता तर तुम्ही शून्याचे किती केले असते? तो बचावपटू होता ना?

गणिती:

इतका वेळ नुसता वाचत होतो. बॅटनरूजकरांनी २००९चा उल्लेख मात्र शिताफीने टाळला. त्या वर्षी जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने शेवटच्या दीड मिनिटात टचडाऊन करून आघाडी घेतली, रेफने 'अतिआनंद' म्हणून फ्लॅग टाकला, त्यामुळे एलएसयूला चांगली जागा मिळाली आणि एलएसयू जिंकलं. त्या फ्लॅगला व्हिडिओत आधार नाही असं नंतर एसईसीनेच सांगितलं. दोन आठवड्यांनी त्याच चमूने फ्लोरिडा-आर्कान्सा मॅचमध्ये आर्कान्सावर असाच बिनबुडाचा फ्लॅग टाकला. फ्लोरिडा तेव्हा पहिल्या क्रमांकावर. अख्ख्या चमूला एसईसीने निलंबित केलं. 'फ्लोरिडा आणि अलाबामा अपराजित राहून डिसेंबरात भिडावेत म्हणून हे चाललंय' ही अफवा तेव्हाचीच, आणि ते दोघे खरोखर तसेच भिडले.

पण मला सांगायचंय ते या सगळ्याच्या आधीचं. नोव्हेंबर १९५१, प्रिन्स्टन विरुद्ध डार्टमथ. धसमुसळी मॅच. प्रिन्स्टनचा लाडका खेळाडू डिक कॅझमायर नाक मोडून बाहेर गेला, नंतर डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. दोन्ही कॉलेजांची वर्तमानपत्रं आठवडाभर एकमेकांवर तुटून पडली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मॅचची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते फाउल टिपायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे सरासरी ९.८ फाउल दिसले. डार्टमथच्या मुलांना आपल्याच संघाचे दिसले ४.३. फिल्म तीच, प्रोजेक्टर तसाच.

ती मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना तेवढेच दिसले. त्यामुळे या धाग्यावर कोणी 'मी टीव्हीवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणालं की मला ते ९.८ आठवतात.

निळापिवळा:

गणिती, हे झकास आहे, आणि बोचणारंही. पण याने प्रेक्षकाचा डोळा वाकडा ठरतो. रेफचा सरळ कसा ठरतो? रेफही माणूसच.

गणिती:

नाहीच ठरत. इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला होता, २००२ला प्रसिद्ध झाला. चाळीस प्रशिक्षित सॉकर रेफना एका मॅचची टेप दाखवली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि बाकीच्यांना मूक. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगचा अभ्यास २००५चा: यजमान एका गोलने मागे असले की रेफ देत असलेला जादा वेळ यजमान एका गोलने पुढे असतानाच्या जवळजवळ दुप्पट. कोणी पैसे दिले नाहीत, फोन केला नाही. स्टेडियम ओरडलं एवढंच. आता ॲन आर्बरला लाखभर माणूस ओरडतं, तेव्हा होल्डिंगचा (समोरच्याला धरून अडवण्याच्या फाउलचा) फ्लॅग खिशातून निघताना काय होत असेल याचा विचार करा.

आणि निळापिवळा, तुमचा मूळ मुद्दा मला कॉन्फरन्सच्या वागण्यातूनच पटतो. बोल गेम (मोसमाअखेरचे खास सामने) आणि प्लेऑफला रेफ तिसऱ्याच कॉन्फरन्सचे लावतात. म्हणजे तटस्थ माणूस हवा हे तत्त्व त्यांना मान्य आहे. जानेवारीत मान्य, नोव्हेंबरात का नाही?

डॅलस_अंपायर:

मी इथल्या हौशी क्रिकेट लीगमध्ये अंपायरिंग करतो आणि काही वर्षं शाळकरी फुटबॉलला रेफ म्हणूनही उभा राहिलोय, म्हणून पट्टेवाल्यांच्या बाजूने दोन शब्द.

एक, होल्डिंग जवळजवळ प्रत्येक प्लेला कुठेतरी होतं. नियम शब्दशः लावला तर मॅच सोमवारपर्यंत चालेल. त्यामुळे रेफ बघतो की त्या पकडीमुळे प्लेवर फरक पडला का. हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हटला की भांडणाला जागा आलीच. दोन, तुम्ही सोफ्यावरून पाच कोनांतून, संथ गतीने बघता. त्याला एकच कोन, एकच क्षण, आणि मध्ये सव्वाशे किलोचे चार देह. तीन, प्रत्येक मॅचनंतर कॉन्फरन्स त्यांचे फ्लॅग तपासून गुण देते. चांगले गुण मिळवणाऱ्यांनाच बोल गेम मिळतात. आवडत्या संघाला ढळढळीत झुकतं माप देणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल.

राहिला गणिती यांचा प्रश्न. कॉन्फरन्समधल्या मॅचला दोन्ही संघ त्याच कॉन्फरन्सचे, म्हणून रेफ तटस्थ, असं त्यांचं उत्तर असतं.

निळापिवळा:

आई एकच असली तरी एक मुलगा डॉलर पाठवतो आणि दुसरा घरी बसून खातो. भांडण लागलं की आई कोणाचं ऐकते हे आपल्याला ठाऊक आहे. आणि ते गुण देतं कोण? आईच.

ह्यूस्टनची_मावशी:

तुमचं चालू द्या, मी आपली चिवडा घेऊन बसलेय. पण ऑस्टिनची गोष्ट कोणीच कशी काढली नाही? माझा मुलगा त्या दिवशी स्टँडमध्ये होता.

१९ ऑक्टोबर २०२४, टेक्सस विरुद्ध जॉर्जिया. आम्ही २३-८ने मागे. आमच्या जाहदे बॅरनने त्यांचा पास मध्येच झेलला आणि पळत पार त्यांच्या गोललाइनजवळ गेला. फ्लॅग! म्हणे पास इंटरफिअरन्स, म्हणजे झेलणाऱ्याला बेकायदा अडवलं, तेही आमच्यावर. विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून बाटल्या, कचरा, मिळेल ते मैदानात. खेळ थांबला. सफाई चालू असताना रेफ एकत्र जमले, कुजबुजले, आणि फ्लॅग मागे! इंटरसेप्शन कायम. अशा फ्लॅगला रिप्ले नसतो, तरी फिरवला.

मी टीव्हीसमोर बसून आधी मुलाला फोन लावला. "बाटली फेकली नाहीस ना रे?" म्हणाला, "आई, माझी भरलेली होती."

हरलो आम्ही ३०-१५. वर एसईसीने टेक्ससला अडीच लाख डॉलर दंड केला. जॉर्जियाचे कोच कर्बी स्मार्ट नंतर म्हणाले ते मात्र मला पटलं: कचरा फेकला की निर्णय फिरतो असा पायंडा आता पडला. सुरुवातीचा फ्लॅग चुकीचा होता, नंतरचा निर्णय बरोबर होता, आणि तरीही सगळा प्रकार वाईटच होता.

सिॲटलवाला:

निळापिवळा, तुम्ही म्हणालात ना, 'कोणी फोन करून सांगतं असं माझं म्हणणं नाही'? आमच्याकडे केला होता.

सप्टेंबर २०१८, वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). वॉशिंग्टन स्टेटच्या खेळाडूने यूएससीच्या क्वार्टरबॅकच्या डोक्याला डोकं मारलं. स्टेडियममधले रिप्ले अधिकारी म्हणाले टार्गेटिंग. पॅक-१२चा (पूर्वीच्या पॅक-१०चा) केंद्रीय कक्षही म्हणाला टार्गेटिंग. तरी खेळाडू मैदानातच राहिला. पुढच्या महिन्यात याहू स्पोर्ट्सने रिप्ले अधिकाऱ्याचा अहवालच छापला. त्यात लिहिलं होतं की आम्ही दोघे सहमत होतो पण एका तिसऱ्या व्यक्तीला ते मान्य नव्हतं. ही तिसरी व्यक्ती कोण? कॉन्फरन्सचे मुख्य वकील, वुडी डिक्सन. फोनवरून. कमिशनर लॅरी स्कॉट यांना पत्रकारांसमोर चूक कबूल करावी लागली आणि कार्यपद्धती बदलावी लागली.

यातली गंमत अशी की फायदा झाला वॉशिंग्टन स्टेटला, आणि यूएससी ही तेव्हा पॅक-१२ची सोन्याची अंडी देणारी कोंबडी. म्हणजे तुमचा डॉलरचा सिद्धांत इथे उलटा पडतो. (यूएससी तरीही ३९-३६ जिंकलं.)

कोलंबसकर:

हा किस्सा मला माहीत होता पण या अंगाने पाहिला नव्हता. लोक म्हणतात तसा फोन खरंच होता, फक्त कट नव्हता. एका साहेबाला वाटलं, आपल्याला जास्त कळतं.

बॅटनरूजकर:

साहेब लोक असेच असतात. पण एक विचारतो: तो अहवाल फुटला नसता तर? आपण आजही 'फोनबिन काही नसतो' असंच म्हणत बसलो असतो.

सिॲटलवाला:

अगदी बरोबर. म्हणून माझी मागणी तटस्थ रेफची नाही, उघड्या माइकची आहे. २०२४ला मायामीबाबत जे झालं ते आठवा. सप्टेंबरअखेर व्हर्जिनिया टेकने शेवटच्या क्षणी लांब पास टाकला, मैदानावर टचडाऊन दिला गेला, रिप्लेने तो काढून घेतला, मायामी ३८-३४. पुढच्याच आठवड्यात कॅलविरुद्ध (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) मायामीच्या खेळाडूची एक जोरदार धडक टार्गेटिंग नाही असं ठरलं आणि मायामी ३९-३८. दोन्हीकडे रिप्ले एसीसीचा आणि मायामी एसीसीचा अपराजित संघ. झाली बोंबाबोंब. २०२५ला एसीसीने रिप्ले कक्षातलं बोलणं काही मॅचच्या प्रक्षेपणात थेट ऐकवायला सुरुवात केली. कुठला कोन बघतायत, शंका कशाची आहे, का फिरवलं, सगळं कानावर पडतं. निर्णय न पटला तरी तो कसा झाला हे कळतं.

डॅलस_अंपायर:

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. रेफनाही ते बरं. न ऐकलेल्या खोलीत काय शिजतं याच्या कल्पना प्रत्यक्षापेक्षा नेहमीच भयंकर असतात.

आणि ते गुण जाहीर करा. बास्केटबॉलची व्यावसायिक लीग एनबीए २०१५पासून चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतला एकेक निर्णय बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशी छापते. कॉलेज कॉन्फरन्स तपासणी करतात, मग ती दाखवायला काय हरकत आहे?

कोलंबसकर:

एनबीएवाले त्याने शांत झाले का पण? उलट आता लोक अहवाल हातात घेऊन भांडतात. 'बघा, लीगनेच मान्य केलं, आम्ही जिंकलो होतो.'

अण्णा_मिसूरी:

भांडू देत की. हातात कागद असला तर भांडण मुद्द्यावर राहतं.

राष्ट्रीय पातळीवर रेफचा एकच ताफा हे मी नव्वदपासून ऐकतोय. होणार नाही. पैशामुळे नव्हे, तो बख्खळ आहे. बिग टेन आणि एसईसी आज प्लेऑफचं स्वरूप काय असावं हेसुद्धा आपल्याला विचारून ठरवा म्हणतात. त्या दोघी रेफ नेमायची किल्ली तिसऱ्याच्या हातात देतील? आमचं मिसूरी २०१२ला एसईसीत गेलं. तिथे पैसा भरपूर मिळाला. आता आमच्याविरुद्ध फ्लॅग पडला की आमचीच पोरं म्हणतात, बर्मिंगहॅमचा आदेश. पूर्वी म्हणायची कॅन्सस सिटीचा, कारण बिग एटचं ऑफिस तिथे होतं.

गणिती:

अण्णा, ते कॅन्सस सिटी तर मिसूरीतच आहे ना? म्हणजे मुख्यालय तुमच्याच राज्यात, आणि कट तुमच्याच विरुद्ध?

अण्णा_मिसूरी:

हो. राज्याच्या त्या टोकाला कॅन्ससचे पाठीराखे राहतात. तुम्हाला काय कळणार.

पुण्यातली_आई:

बापरे, केवढं वाचलं आज. सगळ्यांचे आभार. एवढं कळलं की इथे प्रत्येकाला वाटतं की एसईसीचे रेफ अलाबामाच्या खिशात आहेत. म्हणून काल मुलीला फोनवर विचारलं, "काय गं, तुमची मजा आहे म्हणे, रेफ तुमचेच?" ती हसलीच. म्हणाली, "आई, इथे असं मोठ्याने बोलू नकोस. माझ्या रूममेटच्या घरी तीन पिढ्या अलाबामाच्या आहेत. तिच्या बाबांच्या मते अख्खी एसईसी अलाबामाच्या वाईटावर टपलेली आहे आणि आमच्याविरुद्ध होल्डिंग मुद्दाम जास्त देतात. त्यांनी वहीत तारीखवार लिहून ठेवलंय."

बॅटनरूजकर:

वही? ताई, त्या वहीत ३ नोव्हेंबर २०१८च्या पानावर काय लिहिलंय तेवढं विचारून सांगा. मी थांबतो.